वाचकांचे प्रश्न: साठ लाख हा आकडा पोरांपर्यंत पोचतच नाही, मग शिकवायचं कसं?

जानेवारीच्या अंकात २७ जानेवारीबद्दल, म्हणजे १९४५ साली नाझींची पोलंडमधली ऑशविट्झची मृत्युछावणी सुटली त्या दिवसाबद्दल मी थोडंसं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेक पत्रं शिक्षकांची आहेत, काही पालकांची आणि एक अकरावीतल्या मुलाचं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मी साताऱ्याजवळ नववी-दहावीला इतिहास शिकवते. दुसरं महायुद्ध येतं तेव्हा होलोकॉस्टसाठी, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीसाठी, माझ्या हातात जेमतेम दोन तास असतात. यंदा फळ्यावर ६० लाख ज्यू असं लिहिलं, पोरांनी वहीत उतरवून घेतलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, मॅडम हे किती मार्कांना येतं? मला घरी येऊन रडू आलं. माझं काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही हो. आकडा हा उतरवून घ्यायलाच असतो, पोरांनी तेच केलं. मीसुद्धा कित्येक वर्षं असंच शिकवलं आणि त्याहून वाईट म्हणजे एकदा पोरांना हलवून सोडायचं म्हणून प्रेतांच्या ढिगाऱ्यांचे फोटो दाखवले. दोन मुली तोंड फिरवून बसल्या, चार पोरं घाबरून हसली आणि बाकीच्यांच्या डोक्यात ज्यू म्हणजे ती हाडं असं जे बसलं ते मी नंतर काढू शकले नाही. त्याचं वाईट मला अजून वाटतं. त्या फोटोतल्या प्रत्येकाला नाव होतं, घर होतं, कुणाला गणित आवडायचं नाही, कुणी भावाशी भांडायचं, आणि मी त्यांची ओळख करून दिली ती थेट मेल्यानंतरची.

तेव्हापासून मी एकच पाळते, आधी माणूस आणि त्याचं मरण नंतर. दोन तास आहेत ना, मग पहिला तास अख्खा एका मुलाला द्या. मी पेत्र गिन्झला देते. जन्म १ फेब्रुवारी १९२८, प्राग. वडील ज्यू, आई ज्यू नव्हती. घरात एस्परांतोचं वेड, सगळ्या जगाला समजेल अशी एक भाषा असावी असं मानणारे आईवडील. हा पोरगा चौदा वर्षांचा व्हायच्या आधीच ज्यूल व्हर्नसारख्या साहसी कादंबऱ्या लिहायचा, चित्रं काढायचा आणि रोज डायरी लिहायचा, तीही कशी तर हवा कशी होती, शाळेत काय झालं, कुणाची काय खोडी काढली. पहिल्या तासाला मी एवढंच सांगते. पोरांना विचारते, हा आपल्या वर्गात असता तर कुठल्या बाकावर बसला असता? याचं जमलं कुणाशी असतं? खूप बोलतात. तेव्हा मी होलोकॉस्ट हा शब्दसुद्धा काढत नाही.

आणि मग तास संपता संपता ती एक नोंद सांगते. सप्टेंबर १९४१ मध्ये प्रागमधल्या ज्यूंना कपड्यावर पिवळा तारा लावायची सक्ती झाली. पेत्र तेव्हा १३ वर्षांचा. त्याने डायरीत लिहिलंय की शाळेत जाताना त्याने ६९ "शेरीफ" मोजले. छातीवर तारा म्हणजे काउबॉयच्या गोष्टीतला शेरीफ! माझ्या वर्गात इथे नेहमी आधी हसू येतं आणि मग एकदम शांतता. कुणीतरी विचारतंच, मॅडम त्याने स्वतःला पण मोजलं का? मी म्हणते उद्या बोलू.

दुसऱ्या तासाला बाकीचं. आई ज्यू नसलेल्या घरातल्या पोरांना चौदाव्या वर्षापर्यंत सूट होती, पेत्र चौदाचा झाला आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याला एकट्याला तेरेझिनला पाठवलं. प्रागच्या उत्तरेला असलेलं हे जुनं किल्ल्याचं गाव नाझींनी घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, करून टाकलेलं. तिथे मुलांच्या एका खोलीत पोरांनी वेदेम नावाचं हस्तलिखित साप्ताहिक काढलं आणि संपादक कोण तर हाच. एकच प्रत असायची, शुक्रवारी संध्याकाळी सगळे जमून मोठ्याने वाचायचे. कुणी लेख दिला नाही की हा स्वतःच लिहायचा, घरून आलेल्या खाऊतलं देऊन पोरांकडून लिहून घ्यायचा. आपल्याकडे शाळेत हस्तलिखित काढणारी पोरं असतात त्यांना तर हे लगेच कळतं, कारण मजकूर गोळा करताना काय हाल होतात ते त्यांनी भोगलेलं असतं. त्या साप्ताहिकाची जवळपास ८०० पानं आजही आहेत, कारण त्यातल्या एका पोराने ती लपवून ठेवली. सप्टेंबर १९४४ मध्ये पेत्रला ऑशविट्झच्या गाडीत चढवलं. धाकटी बहीण तोवर तेरेझिनला आलेली होती, तिने गर्दीतून घुसून गाडीच्या खिडकीतून त्याच्या हातात ब्रेड दिला. ती वाचली. तो १६ वर्षांचा होता, त्याला तिथे मारलं.

आता फळ्यावर ६० लाख लिहा. त्यातली सुमारे १५ लाख मुलं होती हेही लिहा. आता तोच आकडा पोरं वेगळ्या नजरेने बघतात, मी दर वर्षी पाहिलंय.

एक गोष्ट राहिलीच. पेत्रने चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल त्याचं चित्र काढलं होतं, माणूस चंद्रावर जायच्या कितीतरी आधी. त्या चित्राची प्रत इस्रायलचा अंतराळवीर इलान रॅमोन कोलंबिया यानातून सोबत घेऊन गेला. हो, तेच यान, आपली कल्पना चावला ज्यात होती. ते कोसळलं १ फेब्रुवारी २००३ ला, पेत्र असता तर त्या दिवशी ७५ वर्षांचा झाला असता. आणि ती बातमी वाचूनच प्रागमध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की आपल्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या जुन्या वह्या याच मुलाच्या आहेत. डायरी मिळाली ती अशी. हे मात्र तासाच्या शेवटी सांगू नका, मध्येच कुठेतरी सांगा. शेवटी सांगितलं की पोरांना वाटतं चला, गोड शेवट झाला. झाला नाही ना.

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे. तिने अ‍ॅन फ्रँकचं नाव कुठेतरी ऐकलं आणि मला विचारतेय. एवढ्या लहान वयात सांगावं का? — एक आई, ठाणे

सांगा. विचारतेय म्हणजे तिला अर्धवट काहीतरी कळलेलं आहेच. पण गॅस चेंबर कसं चालायचं हे सांगायची सातवीला काही गरज नाही. अ‍ॅनला वाढदिवसाला डायरी मिळाली १२ जून १९४२ ला, तेरावं वर्ष लागलं... नाही, तेरा पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे तुमच्या लेकीच्याच आसपासची. महिन्याभरात सगळं घर ॲम्स्टरडॅममधल्या वडिलांच्या ऑफिसच्या मागच्या भागात लपलं, नंतर आणखी चौघं आली, एकूण आठ माणसं, दोन वर्षांहून जास्त. दिवसा खाली लोक काम करायचे तेव्हा पाय वाजवायचे नाहीत, नळ सोडायचा नाही. मुलांना हे नीट कळतं.

फक्त एक सांभाळा. माणसं मनातून चांगलीच असतात अशा अर्थाचं तिचं एक वाक्य सगळीकडे पोस्टरवर असतं आणि गोष्ट तिथेच संपवायचा मोह होतो. ते तिने लिहिलं १५ जुलै १९४४ ला. बरोबर २० दिवसांनी, ४ ऑगस्टला, त्यांना पकडलं. पुढे ऑशविट्झ आणि मग बर्गन-बेल्सन, तिथे १९४५ च्या सुरुवातीला आधी बहीण मार्गो आणि मागोमाग अ‍ॅन गेली. घरातले एकटे वडील परत आले. हे लेकीला सांगावं लागेल, हळू सांगा, जवळ बसून सांगा, पण वगळू नका.

प्रश्न: मी डी.एड. करतोय, लातूर. सरावपाठासाठी एक कल्पना आहे, अर्ध्या वर्गाला कागदाचे पिवळे तारे लावायचे आणि बाकीच्या अर्ध्यांनी तासभर त्यांच्याशी बोलायचं नाही, म्हणजे अनुभव मिळेल. शिवाय गॅदरिंगला छावणीवर नाटुकलं बसवायचा विचार आहे. कसं वाटतं?

कळकळ पोचली, पण कृपा करून यातलं काहीच करू नका. तासाची घंटा झाली की तुमची पोरं तारा काढून डबा खायला जाणार, आणि वर्षानुवर्षं त्यांना वाटत राहणार की तेव्हा काय झालं ते आपल्याला माहितीये. नाही माहीत, मलाही नाही आणि तुम्हालाही नाही. दुसरं म्हणजे ज्यांना पहारेकरी केलं त्यांना तो खेळ आवडायला लागतो, हे फार लवकर होतं. आणि तिसरं आपल्याकडचं, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. आपल्या वर्गात अशी मुलं बसलेली असतात ज्यांच्या घरच्यांना खरोखर वेगळं बसवलं गेलंय, विहिरीपासून लांब ठेवलं गेलंय. त्यांच्या छातीवर तुम्ही कागदाचा तारा लावणार? त्यांनी कुठला अनुभव घ्यायचा राहिलाय?

त्यापेक्षा असं करा. अ‍ॅनने २० जून १९४२ ला डायरीत ज्यूंवरचे नियम लिहून ठेवलेत, सायकली जमा करायच्या, ट्रॅममध्ये बसायचं नाही, बाजारहाट दुपारी ३ ते ५ मध्येच, रात्री ८ नंतर घराबाहेर पडायचं नाही. पोरांना एकच नियम द्या आणि विचारा, सायकली जमा करायच्या तर हे कुणी कुणी केलं असेल? हुकूम कुणी टाईप केला, छापला कुणी, सायकली मोजून घेणारा कारकून कोण, नंतर ती सायकल वापरली कुणी, आणि शेजारचा खिडकीतून बघत होता त्याचं काय? मेलेल्या माणसाची जीवनकहाणी सांगताना आपण मारणाऱ्यांना नुसते राक्षस करून मोकळे होतो, पण तीही पगार घेऊन संध्याकाळी घरी जाणारी माणसं होती. आणि अ‍ॅनच्या वडिलांच्या त्या ऑफिसात मीप खीस नावाची बाई होती, जी या आठ जणांना जीव धोक्यात घालून खायला आणायची आणि पकडले गेल्यावर तिनेच अ‍ॅनची पानं उचलून जपून ठेवली. तिच्या समोर जे होतं तेच बाकीच्यांच्याही समोर होतं. चर्चा इथून करा.

गॅदरिंगला काही बसवायचंच असेल तर रवींद्रनाथांचं डाकघर बसवा. आजारी अमल खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट बघतो ते. का, तर वॉर्सा घेट्टोतल्या अनाथाश्रमातल्या ज्यू मुलांनी १८ जुलै १९४२ ला हेच नाटक केलं होतं. आश्रम चालवणारे डॉक्टर यानुश कोर्चाक, खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट, मुलांसाठी लिहिणारे, रेडिओवर बोलणारे, मुलांचं स्वतःचं न्यायालय चालवू देणारे. नाटक झालं आणि चार दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टोतून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत माणसं न्यायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या आश्रमाची पाळी आली. डॉक्टरांना निसटायची संधी मित्रांनी आधी देऊ केली होती, त्यांनी घेतली नाही. सुमारे २०० मुलं, डॉक्टर आणि त्यांच्या सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का रांगेने चालत स्टेशनकडे गेले. कुणीच परत आलं नाही. नाटक सुरू करायच्या आधी एका विद्यार्थ्याने येऊन एवढं सांगावं. छावणी, गणवेश, बंदुका काही लागत नाही रंगमंचावर.

प्रश्न: कोल्हापूरजवळ वळिवडेला महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. मी आमच्या मुलांना हीच जवळची गोष्ट होलोकॉस्ट म्हणून शिकवतो, बरोबर ना? — एक शिक्षक, हातकणंगले

गोष्ट सांगता ते फार चांगलं, पण सर, होलोकॉस्ट म्हणून नका सांगू. वळिवड्याला १९४३ ते १९४८ मध्ये जी सुमारे ५ हजार माणसं राहिली ती बहुतेक कॅथलिक पोलिश, त्यातही बायका-मुलं जास्त. त्यांना घरातून उचललं होतं सोव्हिएत रशियाने, सायबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकलं, मग ती इराणमार्गे आपल्याकडे आली. भयंकरच आहे, पण वेगळं आहे. दोन दुःखं एकात एक मिसळली की दोन्ही खोटी पडतात, आणि हे सगळं घडलंच नाही म्हणणारे लोक अशाच चुका शोधत असतात.

आपल्याकडचा खरा धागा हवा असेल तर पोरांना आकाशवाणीची ती सकाळची धून ऐकवा. आता पोरं रेडिओ ऐकत नाहीत, पण आजी-आजोबा नक्की ओळखतील. तिचं श्रेय दिलं जातं वॉल्टर कॉफमन यांना, जन्म १९०७, कार्ल्सबाडचे ज्यू संगीतकार. नाझी सत्तेवर आल्यावर साधारण वर्षभराने, १९३४ मध्ये, ते मुंबईला आले, कारण इथला व्हिसा सहज मिळत होता. मुंबई रेडिओवर त्यांनी कित्येक वर्षं काम केलं, १९४६ पर्यंत इथेच राहिले. मग पोरांना विचारा, ज्यांना व्हिसा नाही मिळाला त्यांचं काय? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समध्ये एव्हियानला ३२ देश जमले होते ज्यू निर्वासितांचं काय करायचं ते ठरवायला, आणि बहुतेकांनी दार किलकिलंसुद्धा केलं नाही. एका माणसाच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यापासून इथपर्यंत येता येतं.

आणि हो, कोकणातले आपले बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना शनिवार तेली म्हणतात, त्यांच्याबद्दलही बोला, पण फक्त छळाच्या धड्यात नाही. अलिबागकडच्या मुलांना ज्यू म्हणजे शेजारी हे आधी कळू दे.

प्रश्न: मी अकरावीत आहे. आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात हिटलर चुकला असेल पण शिस्त होती, देशासाठी बेस्ट तेच निवडायचा. मला पटत नाही पण काय बोलू कळत नाही.

तू विचारलंस याचं खूप बरं वाटलं रे. वाद घालत बसू नकोस, त्यांना ग्रेटल बर्गमनची गोष्ट सांग. १९३६ चं बर्लिन ऑलिम्पिक तुमच्या ग्रुपला माहितीच असेल, १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या टीमने जर्मनीला ८-१ हरवलं तेच. त्याच ऑलिम्पिकच्या आधी, जूनमध्ये, ग्रेटलने १.६० मीटर उंच उडी मारून जर्मनीच्या राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी केली. ती ज्यू होती. तिला संघाच्या सरावात ठेवलं होतं ते अमेरिकेने बहिष्कार घालू नये म्हणून, दाखवण्यापुरतं. अमेरिकेचा संघ बोटीत बसला आणि लगेच तिला पत्र आलं की तुझी कामगिरी पुरेशी नाही. तिच्या जागी दुसरी कुणी पाठवलीसुद्धा नाही, जागा रिकामी सोडली! आणि त्या स्पर्धेत सोनं कितीवर गेलं? १.६० वरच, बरोबरी झाली म्हणून पुढे जादा उड्या घ्याव्या लागल्या. आणि जिंकली हंगेरीची इबोल्या चाक, तीही ज्यू. देशासाठी बेस्ट निवडायचा म्हणणाऱ्यांना विचार, मग ग्रेटल घरी का बसली? ग्रेटल १९३७ मध्ये अमेरिकेला निघून गेली, १०३ वर्षं जगली.

प्रश्न: सिनेमा दाखवला तर चालेल का? तारेच्या कुंपणाच्या दोन बाजूंच्या दोन मुलांच्या मैत्रीचा एक खूप गाजलाय. आणि आमच्यासारख्या गावातल्या शाळेला अशा खऱ्या जीवनकहाण्या मिळणार कुठे? — एक मुख्याध्यापिका, यवतमाळ जिल्हा

तो नको. द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज म्हणताय ना, ती त्याच नावाच्या पुस्तकावरची काल्पनिक गोष्ट आहे आणि खुद्द ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयानेच २०२० मध्ये म्हटलं होतं की हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी ते पुस्तक टाळावं. त्यात पोरं शेवटी रडतात ती छावणीच्या अधिकाऱ्याच्या मुलासाठी. खरी माणसं इतकी आहेत की कल्पित मुलाची गरजच नाही.

हाना ब्रॅडी घ्या ना. टोकियोतल्या एका छोट्या होलोकॉस्ट केंद्राला २००० साली ऑशविट्झ संग्रहालयाकडून एक सुटकेस आली, वर नाव, १६ मे १९३१ ही जन्मतारीख आणि जर्मनमध्ये "अनाथ" एवढंच. जपानी मुलांनी विचारायला सुरुवात केली, ही कोण? दिसायची कशी? केंद्राच्या फुमिको इशिओका थेट तेरेझिनला गेल्या, यादीत हानाच्या भावाचं नाव सापडलं, तो वाचून कॅनडात टोरांटोला राहत होता, त्याला पत्र लिहिलं. त्याच्याकडे बहिणीचे फोटो होते! चेकोस्लोव्हाकियातल्या छोट्या गावात दुकान असलेल्या घरातली, बर्फावर खेळणारी मुलगी, तेराव्या वर्षी ऑशविट्झला मारली गेली. पुढे कळलं की ती सुटकेस प्रतिकृती आहे, मूळ १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये प्रदर्शनाच्या वेळी आगीत जळाली होती. तर त्यांनी तेही उघड सांगितलं, आणि तुम्हीही पोरांना सांगा. जपानचा या ज्यू मुलीशी काय संबंध होता? काहीच नाही, यवतमाळचाही नाही, तरी पोरांच्या प्रश्नांनी संबंध तयार झाला.

बाकी साहित्य मोबाईलवर फुकट आहे. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेचा नावांचा संग्रह ४५ लाखांहून जास्त नावांचा आहे, गावावरून शोधता येतं, वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाची खऱ्या माणसांची ओळखपत्रं आहेत, इंग्रजीत आहेत पण सोपी, शिक्षकांनी रात्री बसून मराठी करून घ्यायची. प्रत्येक मुलाला एकच माणूस द्या. नाव, गाव, घरात कोण कोण, काय आवडायचं, मग काय झालं, एवढं एका कागदावर लिहायला सांगा. पुष्कळ माणसांबद्दल नाव आणि जन्मसाल सोडून काहीच मिळणार नाही आणि पोरं विचारतील, मॅडम इथे काय लिहू? तिथे काही लिहू नका म्हणून सांगा, अंदाजाने भरू नका. ती जागा कोरीच ठेवायची आणि कागद तसाच भिंतीवर लावायचा.